लढाई नसतानाचा फौजी

‘सध्या लढाई नाही ना, मग काळजी कसली?’ फौजेत माणूस असलेल्या घरच्या बाईला हे वाक्य कितीदा ऐकावं लागतं! आमच्या सातारा जिल्ह्यात अशी घरं गावोगाव. अपशिंगे या गावाच्या तर नावापुढेच ‘मिलिटरी’ लागलंय. माझा दादाही फौजेतला. मला सांगलीला दिल्यापासून तो भेटायचा फक्त सुट्टीत.

गेल्या वर्षी दादा पेन्शन आला. दिवाळीला माहेरी गेले, तर वहिनी हळूच म्हणाली, ‘वन्सं, हे घरी आलेत खरे, पण अजून बराकीतच आहेत.’ पहाटे साडेचारला उठायचं, ब्लँकेटची चौकोनी घडी घालायची, मुलांना रांगेत उभं करून नखं तपासायची. त्याची चाहूल लागली की मुलं गप्प!

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून ‘प्रहार’ पाहिला. १९९१ सालचा हा हिंदी चित्रपट नाना पाटेकरांनी दिग्दर्शित केला, त्यातला मेजर चव्हाणही तेच झाले. त्यासाठी त्यांनी सैन्यातलं खरंखुरं प्रशिक्षण घेतलं होतं. डिंपल आणि माधुरी यात मेकअपशिवाय वावरतात, बरं का! पूर्वार्ध सगळा तालमीचा: घाम, आरडाओरडा, शिक्षा. मेजरच्या हाताखाली शिकलेला पीटर पुढे जायबंदी होऊन मुंबईला घरी परततो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांपुढे वाकत नाही, म्हणून जिवानिशी जातो. बराकीतला कायदा गल्लीत चालत नाही, हे मग मेजरला कळतं. शेवट मी सांगत नाही, तुम्हीच पाहा.

शिक्षेचा प्रसंग आला आणि दादा पहिल्यांदाच बोलला. ‘अगं, तिथं निम्मं काम म्हणजे वाट बघणं. हुकूम कधी येईल नेम नाही. घडी, बूट, हजेरी यांत मन गुंतवलं, म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं.’

‘इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नाहीत,’ वहिनी म्हणाली.

‘तू लढाईचंच विचारायचीस!’

वहिनी काही बोलली नाही. सकाळी मात्र दादाच्या घडीशेजारी तिनं मुलांची पांघरुणं ठेवली आणि त्यांना म्हणाली, ‘बाबांकडून शिकून घ्या.’ मुलं जवळ सरकली.

तुमच्याकडे कुणी फौजेतून परतलं असेल, तर ‘लढाई पाहिली का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘दिवस कसा जायचा?’ असं विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर चहा पुन्हा गरम करा, पण उठून जाऊ नका.