रानहळदीला झोपू द्या

इमारतीच्या उत्तरेला किंवा आंब्याखाली एखादा पट्टा असा असतो, जिथे गुलाब जगत नाही, जास्वंदीला कळी धरत नाही. मग नर्सरीवाला मनीप्लांट नाहीतर सिंगोनियम गळ्यात मारतो. दोन्ही समुद्रापलीकडची. अशा जागेसाठी आपल्या सह्याद्रीतलीच रानहळद का नको?

ताम्हिणीत, माथेरानला, अगदी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही ती झाडीखाली वाढते. मृगाच्या सरी कोसळल्या की कधी कधी पानांच्याही आधी जमिनीतून तुरा वर येतो. सगळे फोटो काढतात ते शेंड्यावरच्या गुलाबी-जांभळ्या झुपक्याचे. पण ती फुलं नव्हेत, रंगीत सहपत्रं. खरी गंमत त्याखाली, वाकून बघावी लागते. हिरव्या वाट्या एकीला एक चिकटलेल्या, आत पावसाचं पाणी, आणि काठावरून डोकावणारं पिवळंधमक फूल. ते लवकर कोमेजतं, तुरा मात्र बरेच दिवस टिकतो.

या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं जॉन ग्रॅहमने. हा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. टपाल सांभाळून त्याने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली. १८३९ साली ती छापून होण्याआधीच तो खंडाळ्याला वारला.

गड्डे मे महिन्यात, तीन-चार बोटं खोल लावावेत. मातीत पालापाचोळ्याचं खत भरपूर, पण ती पाणी झटकन निचरणारी हवी. सकाळचं कोवळं किंवा पानांतून झिरपणारं ऊन पुरे. दुपारच्या उन्हात पानं करपतात. पातोळ्यांसाठी मात्र हिच्या पानांवर डोळा ठेवू नका, त्याला घरची हळदच बरी.

बागेत रानहळद दगावते ती बहुधा पाण्याने. पावसाळा सरला की पानं पिवळी पडतात, थंडीच्या सुरुवातीला सगळं जमिनीवरून नाहीसं होतं. रोप मेलं असं वाटून माणसं पाणी वाढवतात आणि झोपलेले गड्डे कुजतात. पानं वाळू लागली की पाणी तोडायचं, ते पाऊस येईपर्यंत. कुंडी असेल तर वळचणीला सरकवून ठेवावी. जमिनीत लावली असेल तर काठी रोवून खूण करा, नाहीतर माळी फेब्रुवारीत तिथेच झेंडू लावायला कुदळ घालतो.

गड्डे देशी झाडांच्या रोपवाटिकेतून किंवा लावणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून घ्यावेत. राष्ट्रीय उद्यानातून खणून आणणं हा गुन्हा आहे, आणि फुलावर असताना उपटलेलं रोप सहसा रुजतही नाही. जम बसला की दोन-तीन वर्षांत एकाचे चार ठोंब होतात. मग शेजाऱ्यांना वाटायलाही उरतात.