परीक्षेच्या दिवशी भूक कुठे जाते?

परीक्षेच्या दिवशी सकाळी तुम्हाला भूक लागते का? मला कधीच लागली नाही. दहावीच्या पहिल्या पेपरला आईने गरम पोळी-भाजी समोर ठेवली होती. दोन घास खाल्ले, तिसरा काही घशाखाली उतरेना. शेवटी हातावर दही-साखर घेतली आणि मी निघाले.

त्यानंतर वीस वर्षांनी बरोबर उलटं झालं. इथे अमेरिकेत माझी नोकरी गेली. माझ्या व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस मिळतात. दिवसभर मी लॅपटॉपसमोर बसून अर्ज करायचे आणि रात्री ११ वाजता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चिवडा खायचे. पाकीट रिकामं झालं की मग लक्षात यायचं, अरे, आपण खात होतो! पोळी-भाजी फ्रीजमध्ये तशीच. आई फोनवर रोज विचारायची, "जेवलीस का गं?" मी "हो" म्हणायचे. चिवडा म्हणजे जेवण नव्हे, हे मलाही कळत होतं.

माणूस तोच. मग एकदा भूक पळाली आणि एकदा खा-खा सुटली, असं का?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी टोपीसारखी ग्रंथी असते. तिला ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. अचानक भीती वाटली की ती ॲड्रिनलिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप्याच समजा. निरोप मिळाला की हृदय धडधडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. हातापायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जातं, पोटाकडे कमी. समोर वाघ असेल तर आधी पळायचं, जेवण पचवायचं नंतर!

हे कसं कळलं, ती गोष्ट मला फार आवडते. १८९० च्या दशकात वॉल्टर कॅनन नावाचा अमेरिकन विद्यार्थी क्ष-किरणांच्या मदतीने मांजरांचं पोट अन्न कसं घुसळतं ते बघत होता. क्ष-किरणांचा शोध तेव्हा अगदी नवा होता. मांजर चिडलं किंवा घाबरलं की पोटाची हालचाल थांबायची. ते शांत झालं की पुन्हा सुरू! माझ्या दहावीच्या पोटाचंही तेच झालं होतं.

पण नोकरी जाण्याचा ताण दहा मिनिटांत संपत नाही. तो आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. अशा वेळी त्याच ग्रंथीतून कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरक जास्त येत राहतं. त्याचा निरोप वेगळा असतो: "शक्ती खर्च झाली आहे, भरून काढा." खरोखर पळून आलेल्या माणसाला हे ठीक आहे. मी मात्र खुर्चीतून हललेही नव्हते.

बरं, अशी भूक दुधीच्या भाजीवर समाधान मानत नाही. तिला गोड किंवा तळलेलं हवं असतं. असं खाल्लं की मेंदूला थोडा वेळ बरं वाटतं आणि तो ते लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी ताण आला की हात आपोआप त्याच डब्याकडे जातो. त्यात झोप कमी झाली तर आणखी भर. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि "पुरे" सांगणारं लेप्टिन कमी होतं. रात्री ११ ला कुणी वरण-भाताचा कुकर लावत नाही, त्यामुळे पोट भरतं, पण प्रथिनं, लोह, चोथा यांतलं पुरेसं काही मिळत नाही. मी दिवसभर थकलेली असायचे आणि त्यावर उपाय म्हणून कॉफी प्यायचे. मग पुन्हा झोप नाही!

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काहींची भूक लांबलेल्या ताणातही मेलेलीच राहते. कुणाचं खाणं बरेच दिवस बिघडलेलं असेल, तर घरी सांगावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

माझ्या बाबतीत आईनेच चोरी पकडली. एकदा व्हिडिओ कॉलवर तिला मागे ओट्यावरचं पाकीट दिसलं. ती रागावली नाही. "संध्याकाळी सातला मूगडाळीची खिचडी टाक आणि फोन लाव, आपण बरोबर बसू," एवढंच म्हणाली. तिच्याकडे तेव्हा पहाट असायची, म्हणून तिच्या हातात चहाचा कप आणि माझ्या ताटात खिचडी-ताक. सातला नीट जेवले की ११ ची भूक अर्धी व्हायची. चिवडा मी सोडला नाही, पण वाटीत काढून, बसून खायला लागले. नोकरी ५२ व्या दिवशी मिळाली.

आता मे महिन्यात तुमच्यापैकी काही जणांच्या परीक्षा आहेत. सकाळी पोळी उतरली नाही तर जबरदस्ती नको. अर्धं केळं किंवा चार चमचे दहीभात, तोही सावकाश, चालतो. डब्यात मात्र नीट जेवण न्या. पेपर संपल्यावर तासाभरात पोट जागं होतं आणि तेव्हा शाळेतलं चिप्सचं मशीन फार जवळ असतं.