दाखला कसा द्यावा

गोडदेवात कोणी पाहुणा यायचा असला, तर त्याला नुसते ‘भाईंदरला या’ असे सांगून आपण मोकळे होत नाही. पूर्वेला उतरा, गोडदेव नाक्यावर या, अमुक चाळ, तमुक खोली, असे सांगतो. पाहुणा परगावचा असतो, त्याला इथे कोणी ओळखत नाही. तरी तेवढ्या खुणांवर तो बरोबर दारात येऊन उभा राहतो. कायद्यावरील लेखनात आधार म्हणून जो दाखला देतात, तो असाच पत्ता होय. लेखकाला न ओळखणाऱ्या, किंबहुना त्याचे मत न पटणाऱ्या माणसालाही मूळ शब्दांपर्यंत स्वतः जाता यावे, एवढ्यासाठी तो द्यायचा असतो. आपले पांडित्य दाखविण्यासाठी नव्हे.

पत्त्याचे भाग कोणते, ते आधी पाहू. पक्षकारांची नावे, वर्ष, निवाडा ज्या अहवालात छापला त्याचे नाव व खंड, पान, आणि शेवटी परिच्छेद. एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांचा खटला पुष्कळांनी ऐकला असेल. त्याचा दाखला ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, (1985) 3 एससीसी 545’ असा देतात, आणि ‘एआयआर 1986 एससी 180’ असाही देतात. वर्षे निराळी पाहून नवखा वाचक गोंधळतो. निवाडा एकच, जुलै 1985 चा. पण एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ आणि एआयआर म्हणजे आपल्या नागपूरचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, हे दोन स्वतंत्र अहवाल आहेत. एकाने तो 1985 च्या खंडात छापला, दुसऱ्याने 1986 च्या. म्हणजे दाखल्यातले वर्ष हे निकालाचेच असते असे नाही. हा घोळ टळावा, प्रकाशकावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून 2023 पासून सर्वोच्च न्यायालय आपल्या निवाड्यांना स्वतःचेच क्रमांक देऊ लागले आहे.

टीपा लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. ऑक्सफर्डची एक, अमेरिकेतली निराळी, आणि आपल्याकडच्या संस्थांच्याही आपापल्या. त्यांतली कोणती घ्यावी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एक धरावी व शेवटपर्यंत सोडू नये. मराठी ग्रंथांत ‘तत्रैव’ लिहिण्याची सोय आहे. मात्र तत्रैव म्हणजे लगेच आधीच्या टिपेतला ग्रंथ. पुढे मध्येच एखादी नवी टीप घातली, की तेच ‘तत्रैव’ भलत्याच घरात शिरते! लेखन पुरे झाल्यावर सगळ्या टिपा पुन्हा एकदा वाचाव्यात, त्या यासाठी.

परंतु स्वल्पविराम चुकला तर वाचक रागावेल, एवढेच. खरे नुकसान होते ते पुढचे तीन प्रश्न न विचारल्यामुळे.

पहिला प्रश्न असा : हा आधार मुळात आहे का? हे विचारावे लागेल असे काही वर्षांपूर्वी कोणाला वाटले नसते. पण आता मागेल ते लिहून देणारी यंत्रे आली आहेत, आणि ती न झालेले निवाडेही नाव, वर्ष, पान घालून लिहून देतात. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ या दाव्यात वकिलांनी असे निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि 5,000 डॉलर दंड भरला. फार लांब जायला नको. ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्या आदेशात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. पत्ता सुबक होता, पण त्या जागी घर नव्हते.

दुसरा प्रश्न : आपण म्हणतो तेच त्यात लिहिले आहे का? वरचाच ओल्गा टेलिसचा निवाडा घ्या. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्यातले वचन सभांतून आम्ही कितीदा ऐकले असेल. ते खरेच आहे. पण त्याच निवाड्यात पदपथावरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही न्यायालयाने मान्य केला, आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, कारवाई थांबविली. अर्धा निवाडा सांगणारा श्रोत्यांच्या टाळ्या घेतो. उरलेला अर्धा मात्र झोपडीवाल्याला पुढे एकट्याने भोगावा लागतो. म्हणून नुसते पान देऊन भागत नाही, परिच्छेद द्यावा. आणि देण्यापूर्वी त्याच्या मागचे-पुढचे वाचावे.

तिसरा प्रश्न : तो आज टिकून आहे का? या ठिकाणी आम्हाला आमचीच चूक सांगितली पाहिजे. एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली की ते कामगार थेट मुख्य मालकाचे होतात. ‘एआयआर 1997 एससी 645’. हा आकडा आमच्या संघटनेत सर्वांना पाठ होता. पुढे एका कारखान्यातील कंत्राटी कामगारांचे निवेदन आम्ही याच आधारावर लिहिले. दाखला एका जुन्या पत्रकातून उतरून घेतला; निवाडा काढून पाहिला नाही. समोरचे वकील उठले आणि शांतपणे म्हणाले, “हा निवाडा 2001 साली पाच न्यायाधीशांनी फिरवला आहे.” मागे बाकावर बसलेले कामगार आमच्याकडे पाहत राहिले. ती नजर अजून विसरता येत नाही.

त्याहून अधिक लागले ते घरी येऊन नवा निवाडा वाचल्यावर. ‘स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया विरुद्ध नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स, (2001) 7 एससीसी 1’. त्याच्या परिच्छेद 125 मध्ये निष्कर्ष दिले आहेत. कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत, हे खरे. परंतु कंत्राट नुसते नावाचे, खरे नाते झाकण्यापुरते असेल, तर ते कामगार मुख्य मालकाचेच ठरतात, हेही तिथेच आहे. आमच्या माणसांचे कंत्राट तसेच होते! ज्या निवाड्याने आम्हाला पाडले, त्यातच आमची वाट होती. निवेदन नव्याने लिहावे लागले, आणि तेवढे महिने त्या घरांनी उसनवारीवर काढले.

कायदे बदलतात, तेव्हाही हेच पथ्य पाळावे. फसवणूक करणाऱ्याला आपण ‘चारसोबीस’ म्हणतो. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तो गुन्हा तिच्या कलम 318 मध्ये गेला. म्हणून जुन्या निवाड्यातले 420 खोडून 318 लिहू नये. ज्या काळचा निवाडा, त्या काळचा कायदा, सालासकट लिहावा, आणि आजचे कलम शेजारी निराळे द्यावे.

राहिली उसन्या दाखल्याची गोष्ट. मूळ ग्रंथ मिळाला नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात उतारा सापडला, तर ‘अमुकाच्या ग्रंथात उद्धृत’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न वाचलेले वाचले असे भासविण्यात.

या बाबतीत आपल्यापुढे घरचाच आदर्श आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे गृहस्थ. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी पाच खंडांत लिहिला. पहिला 1930 साली निघाला, काम 1962 साली पुरे झाले. त्या खंडांची कोणतीही पाने उघडा, खाली टिपांत मूळ संस्कृत वचने ठिकाणांसह दिलेली दिसतील. काण्यांचे मत तुम्हाला पटो वा न पटो, ते तपासण्याचे साधन त्यांनी स्वतःच तुमच्या हाती ठेवले आहे. ज्याला आपले म्हणणे तपासले जाण्याची भीती नाही, तोच असे करू शकतो.

विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्यांना हे सांगणारे गुरुजन आहेत. पण नोटीस, अर्ज, निवेदने आपणा सर्वांनाच लिहावी लागतात. तेव्हा कोणी ‘सुप्रीम कोर्टाने असे म्हटले आहे’ असे ठासून सांगितले, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारावे : कोणत्या निवाड्यात, कोणत्या परिच्छेदात, आणि तुम्ही तो स्वतः वाचला का? हे तीन प्रश्न आम्हाला त्या बाकावरच्या माणसांनी शिकविले. त्यांची किंमतही त्यांनीच भरली.