आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत शेतावरचं धान्य, वखारीतलं लाकूड आणि दुकानाचा माल वाहणारी एक ओळखीची गाडी होती: शेवरोलेचा पिकअप. तिची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका १९४७ च्या उन्हाळ्यात आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. आज तिथले अनेक हौशी लोक ही गाडी घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करतात. शेवरोलेचं नाव आपल्यालाही परकं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि १९५४ पर्यंत तिथून शेवरोलेच्या मोटारी, ट्रक आणि बस बाहेर पडत होत्या.

घरच्या घरी हे काम जमतं, कारण शहरापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यालाही गाडी स्वतः दुरुस्त करता यावी इतकी तिची रचना साधी आहे. बॉनेट उघडलं की एका ओळीतले सहा सिलिंडर, एक कार्बोरेटर आणि हात घालायला भरपूर जागा. रबरी पट्ट्यांपासून केबिनच्या तळाच्या पत्र्यापर्यंत बरेचसे सुटे भाग आजही नव्याने बनतात. अडचण येते ती कामाचा क्रम चुकल्यावर. रंग सगळ्यांना दिसतो, म्हणून पुष्कळजण तिथूनच सुरुवात करतात. पुढे वेल्डिंगच्या ठिणग्या आणि सांडलेलं ब्रेक ऑइल तोच नवा रंग खाऊन टाकतात.

पहिला मान ब्रेकचा. या गाडीचा मास्टर सिलिंडर पायाखाली, केबिनच्या तळाशी असतो आणि चारही चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक मार्ग असतो. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. म्हणून जुने होज, नळ्या आणि चाकांचे सिलिंडर बदलूनच पुढे जावं. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओली करून पुसावी. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही भरवसा ठेवू नये, खाली भक्कम स्टँड हवेतच. १९४९ पासूनच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. आसपास वेल्डिंग करायचं असेल तर ती आधी बाहेर काढावी.

मग इंजिन. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन बहुधा जाम झालेलं असतं. त्याला थेट स्टार्टर मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओतावं, काही दिवस थांबावं आणि क्रँक हातानेच हळूहळू हलवून पाहावा. या मालिकेतलं साडेतीन लिटरचं जुनं इंजिन समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या कनेक्टिंग रॉडमधली बेअरिंग मऊ मिश्रधातू ओतून बनवलेली असतात. रॉडच्या टोकाला छोट्या पळ्या असतात. त्या तेल झेलतात आणि तेल बेअरिंगपर्यंत पोचतं. त्यामुळे तेलाच्या दाबाचा काटा आजच्या गाड्यांपेक्षा बराच खाली राहतो. नवखा माणूस तो पाहून घाबरतो, पण या इंजिनाचा तो स्वभाव आहे. मात्र तासन्‌तास महामार्गाचा वेग त्याला सोसत नाही.

वायरिंगमध्येही अशीच एक खोच आहे. गाडी सहा व्होल्टची आहे. व्होल्टेज निम्मं, म्हणून तेवढ्याच कामाला विद्युतप्रवाह दुप्पट लागतो आणि केबल जाड लागते. बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली की स्टार्टर रखडत फिरतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर जातो.

पत्र्याचं काम सर्वांत वेळखाऊ. केबिनचे मागचे खालचे कोपरे आणि पायाखालचा भाग आधी गंजतो. तिथे पुट्टी भरून चालत नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं: कोरडा घासू नये, पाण्याने घासावा, मास्क लावावा आणि मुलांना लांब ठेवावं. हौद्यात लाकडी फळ्यांच्या मध्ये पोलादी पट्ट्या असतात. माल त्यांच्यावरून सरकतो, त्यामुळे लाकूड कमी झिजतं. पट्ट्या धड असतील तर नुसत्या फळ्या बदलल्या तरी पुरे.

आपल्याकडे जुन्या वाहनांत रस असणाऱ्यांनी २०२१ चे केंद्रीय नियम वाचावेत. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आहे. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. त्यामुळे जीर्णोद्धारात संयम कायद्यालाही हवा आहे.

तो संयम खरा कसाला लागतो रंगाच्या वेळी. दारावर एखाद्या शेताचं किंवा दुकानाचं पुसट झालेलं नाव असेल, तर घासण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. नवा रंग कधीही देता येतो, खरवडलेला मूळ रंग परत मिळत नाही. मला वाटतं, उत्तम जीर्णोद्धार तोच, ज्यात गाडी सुरक्षित धावते आणि तिने केलेल्या कष्टांच्या खुणाही शाबूत राहतात. काय बदललं, काय मूळचं ठेवलं, याची छायाचित्रांसह वही गाडीतच ठेवावी. उद्या जो तिचं बॉनेट उघडेल, त्याला त्या वहीचा उपयोग होईल.