काहीच न करणारा कंटेनर आणि इतर गमती

उबंटू किंवा डेबियनच्या सर्व्हरवर डॉकर टाकायला बसलेल्या नवख्याची पहिली फजिती पूर्वी ठरलेली असायची. पॅकेजच्या भांडारात ‘डॉकर’ या नावावर एका चिमुकल्या प्रोग्रॅमनं आधीच रुमाल टाकून ठेवला होता. त्याचं काम काय, तर डेस्कटॉपवर छोटे आयकॉन मांडून ठेवायचे! प्रोग्रॅमांना वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा डॉकर आला २०१३ मध्ये, तेव्हा जागा भरलेली. मग बिचारा ‘डॉकर डॉट आयओ’ म्हणून आत शिरला.

याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘कंटेनर’ नावाची वस्तूच नाही. आहेत त्या मुख्यतः दोन सोयी. प्रोसेसला काय दिसावं ते नेमस्पेस ठरवतात, तिनं सीपीयू आणि मेमरी किती खावी ते सीग्रुप. सीग्रुपचं काम गुगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत ते २.६.२४ या कर्नलमधून सगळ्यांच्या हाती आलं. डॉकरनं हे सगळं सामान एकत्र बांधून सोप्या आज्ञांत आणलं. डॉकरचे जनक सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायकॉन या पायथन भाषेच्या परिषदेत ही करामत जाहीरपणे दाखवली. वेळ मिळाला होता पाच मिनिटं.

बारसं डॉकरच करतो

कंटेनरला नाव दिलं नाहीत तर डॉकर स्वतःच एक ठेवतो: पुढे विशेषण, मागे एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा संगणकतज्ज्ञाचं आडनाव. या यादीत आर्यभट, भास्कर, रामानुजन, रामन, कलाम आहेत, आणि आपल्या मुंबईचे होमी भाभाही. त्यामुळे टर्मिनलवर एखाद्या सकाळी ‘झोपाळू भाभा’ दिसले तर दचकू नका. फक्त एक जोडी कधीच जमत नाही. ‘बोअरिंग वोझनियाक’ हे नाव आलं की प्रोग्रॅम ते टाकून देतो आणि पुन्हा फासे टाकतो. कोडमध्ये तशी अट आहे आणि शेजारी शेराही आहे, की स्टीव्ह वोझनियाक कंटाळवाणे नाहीत. ॲपलच्या सहसंस्थापकाला इतकी पक्की अब्रूची हमी दुसरीकडे कुठे मिळाली असेल असं वाटत नाही.

पाच मिनिटांत या, नाहीतर दार बंद

टर्मिनलच्या काळ्या पडद्याची भीती वाटणाऱ्यांसाठी पोर्टेनर आहे. ब्राउझरमधून कंटेनर सांभाळायचं हे पॅनेल स्वतःही कंटेनरमध्येच राहतं. बसवायला दोन आज्ञा पुरतात. एकीनं व्हॉल्यूम तयार करायचा, दुसरीनं कंटेनर सुरू करायचा, मग ब्राउझरमध्ये ९४४३ हे पोर्ट उघडायचं. मात्र मधेच चहाला उठू नका. पाचेक मिनिटांत ॲडमिनचं खातं उघडलं नाहीत, तर पोर्टेनर दार लावून घेतो आणि रीस्टार्ट केल्याशिवाय आत घेत नाही.

हा तऱ्हेवाईकपणा नव्हे. नवं कोरं पॅनेल इंटरनेटवर उघडं पडलं आणि कुणी उपटसुंभ तुमच्या आधी पोचला, तर ॲडमिन तोच. आणि ॲडमिन म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही, कारण पोर्टेनर सुरू करताना आपण डॉकरचं सॉकेट, म्हणजे डॉकरला आज्ञा द्यायची खिडकी, त्याच्या हवाली केलेलं असतं. ते सॉकेट ज्याच्या हाती, त्याला अख्ख्या सर्व्हरवर रूट व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत. ‘सुडो लिहायचा कंटाळा येतो’ म्हणून सगळ्या सहकाऱ्यांना डॉकर ग्रुपमध्ये टाकणाऱ्यांनीही हे वाक्य पुन्हा वाचावं, कारण त्या ग्रुपच्या हातीही तेच सॉकेट असतं.

फायरवॉलचं तर आणखी मजेशीर आहे. उबंटूवर यूएफडब्ल्यू लावून, सगळी पोर्टं बंद करून तुम्ही निवांत झोपता. पण डॉकरनं बाहेरच्या जगासाठी उघडलेलं पोर्ट त्या फायरवॉलला जुमानतच नाही! डॉकर आयपीटेबल्समध्ये आपले नियम परस्पर लिहितो आणि यूएफडब्ल्यूनं अडवायच्या आतच पॅकेट कंटेनरकडे वळवलं जातं. यूएफडब्ल्यू सांगतो ‘बंद’, बाहेरून मात्र डेटाबेस सताड उघडा. म्हणून पोर्ट १२७.०.०.१ या सर्व्हरच्या आतल्याच पत्त्याला बांधावं आणि बाहेरच्यांसाठी पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवावी.

आता थोरली पाती

कंटेनर शेकड्यांनी वाढले की ते अनेक सर्व्हरवर हाकायला कुबरनेटिस लागतं. गुगलनं ते जून २०१४ मध्ये जाहीर केलं. त्याआधी गुगलच्या घरात बोर्ग नावाची यंत्रणा कंटेनर हाकत होती, आणि २०१४ मध्येच गुगलच्या जो बेडा यांनी सांगितलं होतं की आम्ही आठवड्याला दोन अब्जांहून जास्त कंटेनर सुरू करतो. बोर्ग हे ‘स्टार ट्रेक’मधले खलनायक. म्हणून नव्या प्रकल्पाचं आतलं नाव त्यांच्या तावडीतून सुटलेल्या सेव्हन ऑफ नाइन या पात्रावरून ठेवलं गेलं. कुबरनेटिसच्या बोधचिन्हातल्या सुकाणू-चक्राला सात दांडे आहेत, ते तिच्यामुळेच.

क्यूबॲडम या अधिकृत साधनानं कुबरनेटिस बसवायचं तर मुख्य सर्व्हरवर किमान दोन सीपीयू आणि २ जीबी रॅम हवी, शिवाय स्वॅप, म्हणजे डिस्कवरची उसनी मेमरी, बंद हवी. स्वॅप चालू दिसली की प्रत्येक सर्व्हरवरचा कुबरनेटिसचा कारभारी, क्यूबलेट, सरळ रुसून बसतो. त्याची ही मूळ सेटिंग आहे.

एकाच सर्व्हरसाठी इतका खटाटोप मला तरी फुकट वाटतो. त्यासाठी रँचर लॅब्सनं २०१९ मध्ये आणलेला के-थ्री-एस आहे. एका ओळीची आज्ञा, अर्ध्याएक मिनिटाची वाट, आणि १०० एमबीच्या आतल्या एका फाइलमधून अख्खं कुबरनेटिस उभं. प्रॉक्सी, डीएनएस, स्टोरेज सगळं बरोबर येतं. अनेक सर्व्हर जोडून केलेली मोठी क्लस्टरं आपली स्मृती एटसीडी या डेटाबेसमध्ये ठेवतात. के-थ्री-एस हा पठ्ठ्या एकाच सर्व्हरवर असेल तर एसक्यूलाइटवर भागवतो. हो, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये असतो तोच डेटाबेस. तो बसवायची ती एक ओळ मात्र इंटरनेटवरची स्क्रिप्ट रूटच्या अधिकारानं चालवते, तेव्हा आधी डाउनलोड करून डोळ्यांखालून घातलेली बरी.

आता माझा सगळ्यात लाडका कंटेनर. कुबरनेटिसमधल्या प्रत्येक पॉडमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्या कंटेनरांच्या बिऱ्हाडात, तुम्ही न मागता, ‘पॉज’ नावाचा एक जण येऊन बसतो. सी भाषेतला जेमतेम काही डझन ओळींचा प्रोग्रॅम, एक एमबीहून लहान. काम: झोपून राहणं. पण पॉडचं नेटवर्क त्याच्या नावावर असतं. तुमचं ॲप कोसळून दहा वेळा उठलं तरी पॉडचा आयपी पत्ता बदलत नाही, तो या कुंभकर्णामुळे. कुबरनेटिस हाताळायच्या कुबसीटीएल या आज्ञेच्या यादीत त्याचं नावसुद्धा येत नाही.

क्यूबॲडमच्या क्लस्टरचा वाढदिवसही लक्षात ठेवा. त्यातली सर्टिफिकेटं एका वर्षाची असतात. आवृत्ती वाढवली की तीही नवी होतात. म्हणजे ‘चाललंय ना, मग हात कशाला लावा’ म्हणणाऱ्याचंच क्लस्टर वर्षपूर्तीला मुकं होतं.

सर्व्हर किती घ्यावेत? एटसीडीत बहुमत चालतं, त्यामुळे तीनपैकी एक पडला तरी निभावतं. चार घेतले तरी एकच पडू शकतो, म्हणजे चौथ्याचा खर्च पाण्यात. दोघांची गैरहजेरी सोसायची तर पाच हवेत.

अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या चिकन सँडविचवाल्यांनी २०१८ मध्ये सांगितलं, की ते आपल्या दोन हजारांच्या आसपास दुकानांत प्रत्येकी एक कुबरनेटिस क्लस्टर बसवतायत. दर क्लस्टरमध्ये पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्याएवढे इंटेलचे एनयूसी संगणक. किती? तीन.