शेतातली खोली बांधताय? आधी मुरूम गाठा



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगून गेले. पण शेतात एक खोली काढायची म्हटली की आपण म्हणतो, त्यात काय एवढे? चार भिंती आणि वर पत्रे. मलाही तसेच वाटले होते. मी कृषी पदवीधर, गावोगाव मातीवर व्याख्याने देणारा. पण सख्ख्या थोरल्या भावाला चुकीचा सल्ला देऊन बसलो. तुम्ही ती चूक करू नये म्हणून आधी तीच सांगतो.

आमचे शेत मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीत आहे. वहिनींना शिलाई मशीनसाठी आणि पुतणीला अभ्यासासाठी बारमाही उपयोगी पडेल अशी जागा हवी होती. विहिरीजवळ दहा बाय बाराची खोली काढायचे ठरले. भावाने विचारले, "पाया किती घेऊ?" मी म्हणालो, "एवढ्याशा खोलीला दोन फूट पुष्कळ झाला."

दुसऱ्याच उन्हाळ्यात मागच्या भिंतीला करंगळी जाईल एवढी भेग पडली. फरशी उचलली, दार लागेना. वहिनी भेगेत चिंध्या कोंबत. मला मात्र कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे पुतणी अभ्यासाला उठली. दिवा लावते तो अंथरुणापासून हातभर अंतरावर मण्यार. बघता बघता ती त्या भेगेत शिरली. मण्यारीचा दंश झोपेत पुष्कळदा कळतही नाही. पोरगी वाचली, पण त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकीना. शेवटी भिंती उतरवून आम्ही खोली पायापासून नव्याने बांधली.

जागा आणि पाया

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते. म्हणून खोली उंचवट्यावर घ्या. विहीर, पाट आणि मोठे झाड यांच्यापासून दूर राहा. एकट्या उंच झाडावर वीज पडण्याचाही धोका असतो. वरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागा सोडा.

पायाचा चर मुरूम लागेपर्यंत खणा. पाच-सहा फुटांवरही मुरूम लागला नाही तर अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली आहे. चर बुजवताना उकरलेली काळी माती परत टाकू नका. फरशीखालची काळी मातीही काढा आणि तेथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरा. जोते दोन फूट उंच ठेवा. भोवती तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली पक्की पट्टी करा, म्हणजे पाणी पायात मुरणार नाही.

भिंती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा नोकरीत नवखा होतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांखाली हजारो माणसे गेली. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की आहे : भिंती एकमेकींना बांधलेल्या हव्यात. म्हणून दार-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींवरून सलग, तीन इंच जाडीची काँक्रीटची पट्टी घ्या. तिच्यात १० मिलिमीटरच्या दोन सळ्या टाका आणि कोपऱ्यात त्या वाकवून पुढच्या भिंतीत न्या. जोत्यावरही अशीच पट्टी घाला.

विटा वाचवायच्या असतील तर लॉरी बेकर यांनी आपल्या देशात रुजवलेली 'रॅट ट्रॅप' पद्धत गवंड्याला विचारा. तीत विटा कडेवर उभ्या रचतात आणि मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे खोली कमी तापते. पहिला व शेवटचा थर आणि दार-खिडक्यांच्या कडा मात्र भरीव ठेवा. विटा भिजवूनच लावा. बांधकामाला निदान सात दिवस पाणी मारा. तेथे आळस केला तर चांगले सिमेंटही वाया जाते.

छप्पर

लाकडाला वाळवी लागते, म्हणून पत्र्याखाली लोखंडी पाइप घ्या आणि ते भिंतीत पक्के रोवा, नाहीतर वावटळीत छप्पर शेजाऱ्याच्या शेतात जाईल. पत्र्याचे बोल्ट नळीच्या उंचवट्यावर मारा. खोलगट भागात मारले की गळती ठरलेली. छप्पर भिंतीबाहेर दीड-दोन फूट काढा. दर उन्हाळ्याच्या तोंडी वरून पांढरा चुना द्या आणि आतून बांबूच्या तट्ट्यांचे छत करा. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला आणि आखूड भिंत पश्चिमेला ठेवली की दुपारचे ऊन कमी लागते.

समोरासमोर दोन खिडक्या हव्यात. खिडक्यांना आणि झरोक्यांना बारीक जाळी बसवा. दाराखाली फट राहू देऊ नका.

एक पथ्य

खोली झाली की आपण तिचे गोदाम करतो. कीटकनाशकाचे डबे, फवारणीचा पंप, खताची पोती सगळे आत येते आणि लेकरू तिथेच झोपते. कृपा करून असे करू नका. औषधांसाठी बाहेर, कुलपाची वेगळी पेटी करा. भिंतीलगत सरपण रचू नका. सापाला ते आयते घर होते. झोपायला खाट घ्या.

मृगाआधी वर्षातून एक दिवस द्या : बोल्ट आवळा, भोवतालच्या पट्टीतल्या चिरा बुजवा, जाळ्या तपासा. एवढीच देखभाल.

आमच्या नव्या खोलीने कितीतरी उन्हाळे पाहिले, भेग नाही. पहिल्या वर्षी पुतणी महिनाभर उंबऱ्याबाहेरच बसून वाचत असे. मग एके दिवशी ती स्वतःच पुस्तके घेऊन आत गेली. भावाने मला बोलावून भिंत दाखवली आणि म्हणाला, "या वेळी आधी मुरूम पाहिला, मग तुला विचारले." तुम्हीही तसेच करा.