औषधाची परीक्षा : बशीत आणि देहात

आषाढ-श्रावणात दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे राहून धानाची रोवणी करायची, ओले कपडे अंगावरच वाळू द्यायचे, आणि मग कमरेला, मांड्यांत गजकर्ण उठायचे, हे मूल-सिंदेवाहीपासून आरमोरी-कुरखेड्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. गजकर्ण म्हणजे कातडीवर वाढणारी बुरशी. मग ती मारणारे औषध शोधणे सोपे नाही काय?

मारायचेच म्हटले तर फिनाईलही बुरशी मारील. पण ते कोणी पिणार नाही! पोटात घ्यायचे औषध रक्तात उतरले पाहिजे, रोगाच्या जागी पोचले पाहिजे, आणि वाटेत यकृताला, मूत्रपिंडाला इजा होता कामा नये. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीला ना पोट, ना यकृत. म्हणून मुद्दाम लागण केलेल्या प्राण्यावर औषध पाहावे लागते.

१९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स या शास्त्रज्ञाने गिनीपिगांच्या कातडीवर गजकर्णाची बुरशी लावली. काहींना ग्रिसिओफल्विन खाऊ घातले, काहींना नाही. आता पाहा, गिनीपिगचे गजकर्ण काही आठवड्यांनी आपोआपही बरे होते. बिनऔषधाचे प्राणी शेजारी नसते, तर सारे श्रेय फुकटच औषधाला मिळाले असते. खताचा गुण पाहायला आपण एक बांधी बिनखताची ठेवतो, तसेच हे. औषध घेतलेले प्राणी लवकर सुधारले. पुढे औषध त्यांच्या केसांतही सापडले. मग ते माणसांना देण्यात येऊ लागले.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९६० नंतरच्या काही वर्षांत डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हामायसीन काढले. बुरशीची लागण केलेल्या उंदरांवर त्याची परीक्षा झाली. पण माणसाच्या पोटातून ते रक्तात नीट उतरेना. म्हणून मुख्यतः वरून लावण्यापुरते ते उरले. म्हणजे उंदीर पुष्कळ सांगतो, सर्व सांगत नाही. शेवटची परीक्षा माणसातच, तीही संमतीने आणि देखरेखीखाली, व्हावी लागते.

आणि आपण काय करतो? दुकानातून स्टेरॉईड मिसळलेले मलम आणतो. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. औषधाला दाद न देणारे गजकर्ण आज भारतात वाढले आहे. शिक्षकहो, मुलांना एवढे अवश्य सांगा : खाज थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे. डॉक्टरांना दाखवा, सांगितले तितके दिवस औषध घ्या, आणि अंगावरचे ओले कपडे आधी बदला.